दर्शनी खिडकी आणि आतले दफ्तर

घराच्या भिंतीवर टांगलेल्या किंवा टीव्हीच्या मागे धूळ खात पडलेल्या राउटरला स्वतःचा पडदा नसतो आणि कळफलकही नसतो. चार-पाच दिवे लुकलुकविण्यापलीकडे आपल्या अंतःस्थितीविषयी तो काही सांगू शकत नाही, आणि म्हणून त्याला काही सांगावयाचे किंवा त्याच्याकडून काही जाणून घ्यावयाचे झाले, तर दुसऱ्या एखाद्या संगणकावर ब्राउझर उघडून, त्यात एक ठरावीक आकडी पत्ता घालून, त्या राउटरनेच तयार करून पाठविलेले पान आपल्याला पाहावे लागते. वायफायचे नाव आणि पासवर्ड, कोणत्या यंत्राला प्रवेश द्यावयाचा आणि कोणाला मज्जाव करावयाचा, बाहेरच्या जालातून येणारी कोणती मागणी आत घ्यावयाची आणि कोणती दारातूनच परत पाठवावयाची, हा सारा कारभार त्या पानावरून चालतो. आणि बहुतेक माणसांच्या लेखी ते पान म्हणजेच राउटर असतो. विकत आणलेल्या राउटरच्या बाबतीत ही पाने कारखानदाराने ठरविलेली असतात आणि ग्राहकाला त्यांत बोलण्यास जागा नसते. परंतु ज्याने यंत्राच्या स्थायी स्मृतीत भरलेली कारखान्याची मूळ आज्ञावली, म्हणजे फर्मवेअर, काढून टाकून त्या जागी एखादे मुक्त-स्रोत फर्मवेअर बसविण्याचे मनावर घेतले, त्याच्यापुढे पहिल्याच दिवशी हा प्रश्न उभा राहतो की, आता या यंत्राशी बोलावयाचे ते कोणत्या खिडकीतून?

या प्रश्नाचा निकाल सामान्यतः रूपावरून लावला जातो. कोणाची पाने सुबक, कोणाचे आलेख रंगीत, कोणाची मांडणी मोबाइलच्या पडद्यावर नीट बसते, अशी तुलना करून माणसे एकाची निवड करतात आणि वर्ष-सहा महिन्यांनी कंटाळून दुसऱ्याकडे वळतात. माझ्या मते रूपाचा विचार येथे तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाने यावयास हवा. पहिला विचार हा की, आपण त्या पानावर जे जे ठरवितो त्याची अस्सल नोंद कोठे राहते, ती नोंद त्या पानाच्या मदतीवाचून वाचता आणि बदलता येते की नाही, आणि उद्या ते पानच नाहीसे झाले तर आपला कारभार चालू राहील की बंद पडेल. हा विचार एवढा पुढे का आणावयाचा, ते समजण्यासाठी मुक्त फर्मवेअरचा जन्म ज्या यंत्रापासून झाला त्याची हकिकत थोडी विस्ताराने सांगणे आवश्यक आहे.

लिंक्सिस या अमेरिकन कंपनीने २००२ च्या अखेरीस डब्ल्यूआरटी५४जी या नावाचा, निळ्या-काळ्या रंगाचा आणि दोन अँटेनांचा राउटर बाजारात आणला. पुढच्याच वर्षी सिस्को या बलाढ्य कंपनीने सुमारे ५० कोटी डॉलर मोजून लिंक्सिस विकत घेतली, आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये अँड्र्यू मिक्लास या जिज्ञासू गृहस्थाने लिनक्सच्या विकासकांपुढे ही गोष्ट उघड केली की, या राउटरच्या पोटात जे चालते ते दुसरेतिसरे काही नसून लिनक्सच आहे. लिनक्स ज्या सनदेखाली वाटले जाते, त्या जीपीएल परवान्याची अट अशी की, जो कोणी ते आपल्या मालात घालून विकेल त्याने त्याचा मूळ स्रोतही मागणाऱ्याला दिला पाहिजे. कंपनीने ही अट पाळलेली नव्हती. तक्रारी वाढल्या, आणि अखेरीस स्रोत जाहीर करणे तिला भाग पडले. या प्रकरणाचे धागेदोरे पुढेही लोंबकळत राहिले. लिंक्सिसच्या अनेक उत्पादनांबाबत फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने डिसेंबर २००८ मध्ये सिस्कोविरुद्ध दावा लावला आणि तो २००९ मध्ये आपसांत मिटला. पण २००३ साली स्रोत हाती आला त्या क्षणीच एक गोष्ट घडून गेली होती: साठ-सत्तर डॉलरांचा घरगुती राउटर हा, ज्याच्या अंतर्यामी हात घालता येतो असा, एक लहानसा संगणक झाला होता. जानेवारी २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी या प्रकल्पाचा प्रारंभ झाला तो याच स्रोताच्या पायावर.

त्या आरंभकाळातली एक गंमत येथे नमूद केल्यावाचून राहवत नाही. डब्ल्यूआरटी५४जीच्या कारखानी पानांत, दूरचे एखादे यंत्र जागे आहे की नाही हे तपासण्यासाठी ‘पिंग’ची एक चौकट होती, तीत पत्ता लिहावा आणि उत्तर पाहावे, एवढेच तिचे काम. परंतु त्या चौकटीत लिहिलेला मजकूर खरोखर पत्ताच आहे की आणखी काही, याची चौकशी न करताच आतली आज्ञावली तो मजकूर जसाच्या तसा चालवीत असे. परिणामी पत्त्याच्या जागी आज्ञा लिहिली की ती राउटरवर सर्वाधिकाराने अमलात येई. या वाटेने लोकांनी ‘बूट वेट’ नावाचे एक मूल्य बदलून घेतले. त्यामुळे यंत्र चालू होताना काही सेकंद थबके आणि त्या अवधीत नवे फर्मवेअर त्याच्यात ढकलता येई. सुरक्षेच्या दृष्टीने हा दोष गंभीर होता, यात संशय नाही. आणि तरीही कित्येकांना आपल्या यंत्राचे स्वामित्व मिळाले ते कारखानदाराच्या खिडकीतील या फटीतूनच.

त्या यंत्रात सारी सेटिंगे एनव्हीरॅम नावाच्या एका चिमुकल्या विभागात साठविलेली असत. बहुधा ३२ किलोबाइटांच्या त्या जागेत नाव आणि मूल्य, नाव आणि मूल्य, अशी शेकडो जोड्यांची सलग माळ असे. तिला प्रकरणे नव्हती, परिच्छेद नव्हते, कोणती जोडी कशाशी संबंधित आहे हे केवळ नावाच्या आद्याक्षरांवरून ताडावयाचे. ओपनडब्ल्यूआरटीची ‘व्हाइट रशियन’ ही आरंभीची आवृत्तीमालिका, जिची शेवटची ०.९ ही आवृत्ती २००७ च्या प्रारंभी आली, तिनेही हीच पद्धत स्वीकारली होती. आवृत्त्यांना मद्यमिश्रणांची नावे देण्याचा त्या मंडळींचा शौक असा की, टेलनेटने राउटरमध्ये शिरताच पडद्यावर प्रथम व्होडका, कालुआ आणि साय यांचे प्रमाण झळके आणि नंतर आज्ञेची वाट पाहणारे चिन्ह येई. पहिल्या प्रवेशाला पासवर्ड नसे. तो आपण ठरविला की टेलनेटचा दरवाजा बंद होऊन त्या जागी एसएसएचचा सुरक्षित दरवाजा उघडे. या अशा यंत्राशी आज्ञांच्या भाषेत बोलणे ज्यांना जमत होते त्यांना आणखी कशाची गरज भासत नव्हती, आणि ज्यांना जमत नव्हते त्यांच्यासाठी ‘वेबिफ’ नावाची साधी पाने होती, ज्यांचा पुढे एक्स-डब्ल्यूआरटी या स्वतंत्र प्रकल्पाने पुष्कळ विस्तार केला.

वेबिफ आणि तिची ही विस्तारलेली बहीण शेलच्या आज्ञावलींत लिहिलेल्या होत्या. शेलचा स्वभाव असा की, तो स्वतः फारसे काम करीत नाही. मजकुरातून एखादी ओळ निवडावयाची तर एका लहान प्रोग्रामला बोलावतो, तिचे तुकडे करावयाचे तर दुसऱ्याला, आणि प्रत्येक बोलावण्याबरोबर कार्यप्रणालीला एक नवी प्रक्रिया जन्माला घालावी लागते. मोठ्या संगणकावर हा खर्च ध्यानातही येत नाही; परंतु ज्याचा प्रोसेसर २०० मेगाहर्ट्झचा आणि स्मृती १६ मेगाबाइटांची, आणि ज्याला पान तयार करण्याच्या त्याच क्षणी घरातल्या सर्वांची जालवाहतूकही वाहावयाची आहे, अशा यंत्रावर एका पानासाठी अशा अनेक प्रक्रिया जन्मून मरणे म्हणजे उधळपट्टी होती. त्याहून मोठी अडचण दुरुस्तीची. पानाचे रूप, सेटिंग वाचण्याची रीत आणि ते बदलण्याची आज्ञा ही तिन्ही एकाच धारिकेत एकमेकांत गुंतलेली असत, त्यामुळे एक बाजू सुधारावयास जावे तो दुसरी बिघडे.

खरे स्थित्यंतर घडले ते पानांत नव्हे, पानांच्या मागे. २००७ मध्ये ‘कामिकाझे’ ही आवृत्ती आली, आणि तिच्याबरोबर यूसीआय, म्हणजे एकीकृत संरचनेची पद्धत, अवतरली. एनव्हीरॅमची माळ तोडून तिच्या जागी साध्या मजकुराच्या निरनिराळ्या धारिका ठेवण्यात आल्या: जालाची एक, वायफायची दुसरी, फायरवॉलची तिसरी, पत्ते वाटणाऱ्या सेवेची चौथी. प्रत्येक धारिकेत विभाग, प्रत्येक विभागाला नाव, आणि त्याखाली विकल्प व त्यांची मूल्ये. ही भाषा इतकी सरळ आहे की, तिचे व्याकरण शिकण्यास एक संध्याकाळ पुरते. आणि महत्त्वाचे हे की, त्या धारिका कोणत्याही मजकूर-संपादकात उघडता येतात, दुसऱ्या यंत्रावर नेता येतात, कालच्या प्रतीशी आजची प्रत ताडून पाहता येते. एक्स-डब्ल्यूआरटीची पाने असोत, ल्युसी आणि गार्गॉइल हे पुढे आलेले इंटरफेस असोत की आज्ञापटलावरची एक ओळ असो, सर्वांनी त्याच दफ्तरात नोंद करावयाची असा दंडक पडला. पेशवाईतल्या फडावर कारकून बदलत, परंतु रोजकीर्द सरकारची असे; त्याप्रमाणे येथे इंटरफेस हा कारकून झाला आणि दफ्तर यंत्राच्या मालकाचे राहिले. एक इंटरफेस आवडला नाही तर तो काढून दुसरा बसवावा, किंवा मुळीच बसवू नये. राउटरच्या वर्तनात त्याने तिळमात्र फरक पडत नाही.

ल्युसीचा जन्म या पार्श्वभूमीवर आणि एका विशिष्ट गरजेतून झाला. जर्मनीत फ्रायफुंक नावाची चळवळ आहे. शहरांतल्या रहिवाशांनी आपापल्या छपरांवर आणि खिडक्यांत राउटर लावून, ते एकमेकांशी बिनतारी जोडून, कोणत्याही कंपनीच्या मालकीचे नसलेले सार्वजनिक जाळे उभे करावे, हा तिचा उद्देश. या मंडळींचे स्वतःचे फर्मवेअर व्हाइट रशियनवर आधारलेले होते, आणि कामिकाझे आल्यावर ते नव्या पायावर नेणे क्रमप्राप्त झाले. मार्च २००८ मध्ये या स्थलांतराचा भाग म्हणूनच नव्या इंटरफेसचे काम सुरू झाले. आरंभी तिच्या नावामागे फ्रायफुंकची दोन आद्याक्षरेही होती. स्टीव्हन बार्थ आणि यो-फिलिप विश हे तिचे प्रमुख कर्ते. शेलचा त्याग करून त्यांनी लुआ ही भाषा निवडली, जी ब्राझीलमधील रिओ द जानेरोच्या पोंटिफिकल कॅथॉलिक विद्यापीठात १९९३ मध्ये घडविली गेली होती आणि जिचा संपूर्ण इंटरप्रिटर काहीशे किलोबाइटांत मावतो. नोंदी कशा आहेत हे सांगणारा भाग, त्या पानावर कशा दिसाव्यात हे सांगणारा भाग आणि वाचकाची मागणी कोठे वळवावी हे ठरविणारा भाग, असे तीन भाग त्यांनी निराळे केले. २००९ च्या प्रारंभी प्रसिद्ध झालेल्या कामिकाझे ८.०९ बरोबर ल्युसी ओपनडब्ल्यूआरटीच्या घरात आली आणि तेव्हापासून तीच तेथील मुख्य खिडकी होऊन राहिली आहे.

या मार्गाने न गेलेल्यांचे काय झाले, ते पाहिले म्हणजे माझा मुद्दा स्पष्ट होतो. २००६ मध्ये जोनाथन झराटे याने टोमॅटो नावाचे फर्मवेअर प्रसिद्ध केले, आणि तोंडभर स्तुती करावी असे त्याचे पान होते. कोणत्या क्षणी किती माहिती आत येते आणि किती बाहेर जाते याचा आलेख डोळ्यांदेखत सरकत असे. सेटिंग बदलल्यावर संपूर्ण यंत्र पुन्हा सुरू होण्याची वाट पाहावी लागत नसे. मांडणीत एकही शब्द फाजील नव्हता. त्या काळच्या घरगुती राउटरांत याच्या तोडीचे पान मी तरी पाहिले नाही. परंतु त्याच्या खाली तीच एनव्हीरॅमची माळ होती, ते ब्रॉडकॉमच्या चिपांपुरतेच मर्यादित होते, आणि मुख्य म्हणजे ते सुंदर पान त्याच्या कर्त्याने मुक्त परवान्याखाली दिलेले नव्हते. त्याच्या अनुमतीवाचून ते अन्यत्र वापरण्यास मनाई होती. २०१० मध्ये मूळ टोमॅटोचा विकास थांबला. इतरांनी त्याच्या शाखा पुढे चालविल्या, फ्रेशटोमॅटोच्या रूपाने तो वंश टिकून आहे. पण बहुतांशी तो ब्रॉडकॉमच्या कुंपणातच राहिला. जर्मनीतील सेबास्टियान गॉटशाल याच्या डीडी-डब्ल्यूआरटीने शेकडो प्रकारच्या यंत्रांपर्यंत मजल मारली आणि नवख्या माणसाला ओळखीची वाटतील अशी, कारखानी पानांच्या वळणावरची पाने दिली. तथापि त्याचीही भिस्त एनव्हीरॅमवरच राहिली. जितकी सोय वाढवावी तितकी मूल्ये वाढत गेली आणि जुन्या यंत्रांवर ती इवलीशी जागा तुडुंब भरण्याचे प्रसंग येऊ लागले. भरलेल्या एनव्हीरॅममध्ये एक नवा नियम लिहावयास जावे आणि तो जतनच होऊ नये, याचे कारण दर्शनी पानावरून कोणाला कळणार?

गार्गॉइलची गोष्ट वेगळी आणि अधिक समाधानाची आहे. एरिक बिशप याने २००८ च्या सुमारास ते सुरू केले ते ओपनडब्ल्यूआरटीच्याच पायावर आणि यूसीआयच्याच धारिकांवर. त्याने ल्युसीप्रमाणे सर्व सेटिंगे दाखविण्याचा हव्यास धरला नाही. घरातल्या अमुक यंत्राने महिन्याला एवढाच डेटा वापरावा, मुलांच्या संगणकाला रात्री दहानंतर जाल मिळू नये, अशा गृहस्थाश्रमी मागण्या त्याने निवडल्या आणि त्या उत्तम रीतीने पुरविल्या. पान रचण्याचे बरेचसे श्रम राउटरवर न टाकता ते पाहणाऱ्याच्या ब्राउझरवर सोपवावेत, ही त्याची युक्तीही दूरदृष्टीची ठरली. ज्या घरात माहितीच्या वापरावर मर्यादा आहे आणि कारभार पाहणाऱ्याला जालशास्त्रात विशेष रुची नाही, तेथे मी आजही ल्युसीच्या आधी गार्गॉइलचा विचार करण्यास सुचवीन. फक्त आपले यंत्र त्याच्या यादीत आहे याची खात्री करून घ्यावी, कारण ती यादी ओपनडब्ल्यूआरटीहून बरीच आखूड आहे.

येथवरच्या विवेचनावरून ल्युसी निर्दोष आहे असा समज कोणी करून घेऊ नये. तिची पाने सेवाभावी कमी आणि तंत्रनिष्ठ अधिक आहेत. दफ्तरात जितके विकल्प असतील तितक्या चौकटी ती समोर मांडते, आणि ‘ब्रिज’, ‘झोन’, ‘मास्करेडिंग’ या शब्दांचा अर्थ आपल्याला ठाऊक असेलच असे गृहीत धरते. शिवाय कारकुनाच्या हाती दफ्तर दिल्याचा एक तोटा ज्याला अनुभवाने कळतो त्याचा पहिल्या वेळी तळतळाट झाल्यावाचून राहत नाही. यूसीआयच्या धारिकेत हाताने लिहिताना माणूस समासात टिपणे करतो: हा नियम कोणासाठी, हा पत्ता का राखून ठेवला, हे बंदर (पोर्ट) कधी उघडले. पुढे केव्हातरी ल्युसीवरून त्याच धारिकेतला एखादा आकडा बदलून जतन केला की संपूर्ण धारिका नव्याने लिहिली जाते, आणि हाताने लिहिलेली सारी टिपणे तीतून निघून जातात. सेटिंगे शाबूत राहतात, पण त्यांचे कारण नाहीसे होते. दोष पानाचा नव्हे, आतल्या लेखनपद्धतीचा. आज्ञापटलावरून बदल केला तरी तेच घडते. यावर उपाय एवढाच की, टिपणांसाठी धारिकेतच एखादा विकल्प बनवून त्याच्या मूल्यात ती लिहावीत, किंवा ती अन्यत्र ठेवावीत.

उलट एका बाबतीत खिडकीने आज्ञापटलावर स्पष्ट मात केली आहे, आणि तिचा विचार निवडीच्या वेळी फारसा होत नाही. राउटरच्या सेटिंगांत असा एक विचित्र धोका असतो की, बदल करण्यासाठी ज्या वाटेने आपण आत गेलो तीच वाट त्या बदलाने बंद होऊ शकते. स्थानिक पत्ता चुकीचा लिहिला, फायरवॉलमध्ये एक शब्द उलटा पडला, वायफायवरून काम करीत असताना वायफायचाच पासवर्ड बदलला, की यंत्र चालू असूनही दुर्गम होते. २०१८ च्या १८.०६ या आवृत्तीपासून ल्युसीने यावर तजवीज केली. आपण बदल लागू करा म्हटले की ती बदल लागू करते आणि घड्याळ लावते. ब्राउझरचा राउटरशी नव्याने संपर्क झाला तर बदल कायम, आणि ठरलेल्या मुदतीत, जी पुढे ९० सेकंदांची करण्यात आली, संपर्क झाला नाही तर सर्व मूल्ये आपोआप पूर्ववत. ज्याला जाणूनबुजून पत्ता बदलावयाचा आहे त्याच्यासाठी ही तपासणी टाळण्याची मुभाही ठेवलेली आहे. एसएसएचवरून आज्ञा देणाऱ्याला हे संरक्षण आयते मिळत नाही; त्याच्यावर ‘फेलसेफ’ अवस्थेत यंत्र चालू करून, चालू होताना योग्य क्षणी बटन दाबून, सर्व पहिल्यापासून निस्तरण्याची पाळी येते.

यंत्राच्या कुवतीचा प्रश्न एके काळी निर्णायक होता, आता तो पुष्कळ सौम्य झाला आहे. २००५ मध्ये डब्ल्यूआरटी५४जीच्या पाचव्या आवृत्तीत कंपनीने लिनक्स काढून व्हीएक्सवर्क्स ही दुसरी प्रणाली घातली आणि फ्लॅश, म्हणजे स्थायी स्मृती, २ व कामाची स्मृती ८ मेगाबाइटांवर आणली. लिनक्सच्या चाहत्यांसाठी जुने रूप डब्ल्यूआरटी५४जीएल या नावाने वेगळे विकले. ४ मेगाबाइट फ्लॅशमध्ये कर्नेल, साधने आणि वर ल्युसी बसविणे ही पुढे कित्येक वर्षे कसरतच होती, आणि म्हणून जागा वाचविण्यासाठी ल्युसी वगळून फर्मवेअर बांधण्याची पद्धत रूढ झाली. २०२१ च्या २१.०२ या आवृत्तीने किमान मर्यादाच ८ मेगाबाइट फ्लॅश आणि ६४ मेगाबाइट स्मृती अशी ठरविली. दरम्यान ल्युसीनेही आपले ओझे हलके केले होते. २०२० च्या प्रारंभी आलेल्या १९.०७ मध्ये तिची पाने राउटरवर रचण्याऐवजी ब्राउझरमध्ये रचली जाऊ लागली. राउटरने फक्त कच्ची माहिती पुरवावयाची. २०२३ च्या २३.०५ मध्ये तर लुआ भाषाच मूळ बांधणीतून निघाली आणि तिचे काम यूकोड या लहानशा नव्या भाषेने घेतले. विकासाधीन दैनिक बांधण्यांत मात्र ल्युसी अजूनही अंतर्भूत नसते, हे नवख्याने ध्यानात ठेवावे; तशी बांधणी बसवून ब्राउझरमध्ये पत्ता घातला आणि पान उघडले नाही म्हणून यंत्र मेले असे समजणारे थोडे नाहीत. नव्या बांधणीत वायफायही बहुधा बंदच असते, तेव्हा पहिली भेट केबलनेच घ्यावयाची.

यापुढचा विचार द्वारपालाचा. प्रत्येक इंटरफेस हा एक दरवाजा आहे, आणि तो कोणत्या बाजूला उघडतो हे त्याच्या रूपाहून शतपटीने महत्त्वाचे. नोव्हेंबर २०१६ च्या अखेरीस डॉइचे टेलिकॉम या जर्मन कंपनीच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचे जाल एकाएकी बंद पडले. सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांना ग्राहकांच्या राउटरांची सेटिंगे दुरून बदलता यावीत म्हणून टीआर-०६९ नावाचा एक संकेत २००४ पासून प्रचारात आहे. त्यासाठी राखलेले बंदर बाहेरच्या साऱ्या जगाला उघडे होते आणि त्यावर मिराई या कुप्रसिद्ध आज्ञावलीच्या एका वंशजाने धडका दिल्या. त्या राउटरांत शिरकाव करणे तिला साधले नाही, पण त्या माऱ्याखाली ते कोलमडले. ग्राहकाने स्वतः उघडलेला हा दरवाजा नव्हता. तो अस्तित्वात आहे हेही बहुतेकांना ठाऊक नसावे. ओपनडब्ल्यूआरटीची मूळ फायरवॉल बाहेरून येणारी ल्युसीची आणि एसएसएचची मागणी नाकारते, आणि तो नकार तसाच राहू द्यावा. बाहेरगावाहून घरचा राउटर पाहण्याची ज्याला खरोखर निकड आहे त्याने त्यासाठी व्हीपीएनचा खासगी बोगदा काढावा. २१.०२ पासून ल्युसी एचटीटीपीएसवरही मुळातच उपलब्ध आहे. तिच्या स्वयंनिर्मित प्रमाणपत्रावर ब्राउझर नाराजी दाखवितो, ती घरच्या जाळ्यापुरती समजून घेण्याजोगी आहे. परंतु पहिल्या प्रवेशाला रूटचा पासवर्ड कोरा असतो आणि पानाच्या माथ्यावर त्याची सूचना ठळकपणे झळकत असते. ती वाचूनही दिवसचे दिवस तशीच ठेवणाऱ्याला मात्र क्षमा नाही.

मग घ्यावे काय? एक राउटर, एक कुटुंब आणि अधूनमधून थोडी जुळवाजुळव, एवढाच व्याप असेल तर ल्युसी घ्यावी. तिच्या भाषांच्या यादीत मराठीचाही समावेश आहे आणि तिचे पूरक भाग एकेक करून बसविता-काढता येतात. अनेक यंत्रांचा कारभार एकाच्या अंगावर असेल, एखाद्या वसतिगृहात किंवा गावच्या वाचनालयांत दहा-वीस राउटर असतील, तर खिडकी मुळीच न ठेवता यूसीआयच्या धारिका एका ठिकाणी तयार करून एसएसएचने सर्वांना धाडाव्यात. वीस पानांवर वीस वेळा तेच शब्द टंकणारा माणूस सतराव्या वेळी चुकतोच. आणि शिकण्याची इच्छा असणाऱ्याने दोन्ही वाटा शेजारीशेजारी ठेवाव्यात: ल्युसीवर बदल करावा, पण लागू करण्यापूर्वी माथ्यावरील ‘न जतन केलेले बदल’ यावर टिचकी मारून तो बदल यूसीआयच्या भाषेत कसा दिसतो ते वाचावे. कोणत्याही पाठ्यपुस्तकाहून ती ओळ अधिक शिकविते.

दफ्तर मजकुराचे आहे म्हणून ते अविकारी आहे, असे मात्र नव्हे. २१.०२ मध्येच जालाच्या धारिकेचे व्याकरण बदलले. पूर्वी ज्या विकल्पात इंटरफेसखालच्या उपकरणाचे नाव लिहीत त्याचे नाव निराळे झाले, आणि ब्रिजसाठी स्वतंत्र विभाग लिहिण्याची नवी रीत आली. जुनी धारिका घेऊन नव्या आवृत्तीवर आलेल्याने ल्युसीचे जालविषयक पान उघडले की ती चौकटीत विनवी: विद्यमान संरचना बदलल्यावाचून मला पुढे काम करता येणार नाही, अनुमती असेल तर ‘पुढे’ दाबावे, म्हणजे धारिका नव्या रीतीने लिहून जाल पुन्हा सुरू करीन. ज्यांनी ल्युसी बसविलेलीच नव्हती त्यांची जुन्या व्याकरणातली धारिका बहुतेक ठिकाणी तशीच चालत राहिली, आणि ज्यांना ती नव्या रीतीत हवी होती त्यांनी संपादक उघडून ती हातानेच लिहून काढली.